गोधडीचे थर

जुनी गोधडी उसवली की आपल्याला काय सापडते? आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर. चरख्याच्या काळी एका विणकरापुरते सूत कातायला अनेक जणी खपत. म्हणून फाटके कापडही कोणी टाकत नसे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणी स्थापली. पुढे कापड स्वस्त झाले, तरी गोधडी टिकली. थरांत कोंडलेली हवा ऊब राखते, सुती कापड घाम टिपते.

१९४१ साली इंग्लंडमध्ये पॉलिएस्टर धागा तयार झाला. सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा हवेतून घेते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. अशा साड्यांची गोधडी ऊब देते, पण अंग घामेजते. म्हणून आधी धागा ओळखू या. चिमट्यात धरून पेटवला, तर सुताची राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा मणी बनतो.