चाक हाती असलेला माणूस

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल. घरची मंडळी हे वाचतात, त्यांना यातला निम्मा भाग ठाऊक आहे. बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

आमचं गाव वरणगाव, भुसावळच्या पूर्वेला. बाहेरच्यांना ते ठाऊक असतं ते आयुध निर्माणीमुळे. १९६४ सालापासूनचा हा कारखाना, रायफलींची काडतुसं बनवणारा. आमच्या वर्गातल्या कितीतरी पोरांचे वडील ‘फॅक्टरीत’ होते. माझे मामा मात्र फॅक्टरीत न जाता दिल्लीला गेले आणि एका परदेशी वकिलातीत ड्रायव्हर झाले. निळ्या पाटीची गाडी, पाटीवर ‘सीडी’ ही अक्षरं. सुट्टीत गावी आले की आम्ही पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करायचो. "मामा, गाडीत कोण कोण बसलं?"

"साहेब बसले, भो."

झालं. पुढे एक अक्षर नाही. तेव्हा वाटायचं, मामांना सांगण्यासारखं काही नसेलच.

निवृत्त झाल्यावर एकदा ते पुण्याला माझ्याकडे आले. रविवारी त्यांना गाडीतून फिरवलं. मी चालवत होतो, मामा शेजारी, आणि त्यांचा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता :-) मी आपला गाईडच्या उत्साहात इतिहास सांगत सुटलो.

आधी गणेशखिंड. आज जिथे विद्यापीठ आहे तिथे तेव्हा गव्हर्नरचा बंगला होता. २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ. रात्री तिथून घोडागाड्या परत निघाल्या. प्लेगच्या बंदोबस्तात लोकांचा रोष ओढवून घेतलेला रँड एका गाडीत, लेफ्टनंट आयर्स्ट दुसऱ्या गाडीत. दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, बाळकृष्ण चापेकरांनी आयर्स्टवर. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पुढे चापेकर बंधू फासावर गेले. यावर नचिकेत आणि जयू पटवर्धनांचा १९७९चा सिनेमाही आहे. हे सगळं मी सांगितलं. मामांनी विचारलं, "गाडीवानाचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. इतक्यांदा वाचलेल्या गोष्टीत गाडीवान होता हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मामा म्हणाले, "तो पुढे बघून घोडे हाकणार. मागून कोण येतंय ते त्याला दिसायचं कसं? आरसा तर नव्हता." मामांच्या डोळ्यांनी बघितलं तर त्या रात्रीची अडचण एवढीच होती. अंधार, ओळीने निघालेल्या गाड्या आणि परतीचा एकच ठरलेला रस्ता.

मग कॅम्पात गेलो. १० ऑगस्ट १९८६. माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य त्याच वर्षी निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले होते. ‘ऑपरेशन ब्लू स्टार’ त्यांच्या कारकिर्दीतलं, म्हणून त्यांच्या जिवाला धोका होता, ही गोष्ट गुपित नव्हती. दोनदा महावीरचक्र मिळालेला हा माणूस त्या दिवशी बाजारातून घरी येताना स्वतः आपली मारुती चालवत होता. शेजारी पत्नी, मागे अंगरक्षक. दुचाकीवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. जनरल गेले, पत्नी जखमी झाल्या. मारेकरी सुखा आणि जिंदा यांना १९९२ साली येरवड्यात फाशी झाली.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अंगरक्षक होता ना? पण चाक साहेबांच्याच हातात. ज्याला मारायचं तोच पुढे बघतोय, तोच गिअर टाकतोय. तो आरसा कधी बघणार?"

शेवटी म्हात्रे पूल. रोज हजारो लोक त्यावरून जातात, पण म्हात्रे कोण ते कितीजणांना ठाऊक असेल? रवींद्र म्हात्रे हे बर्मिंगहॅमच्या भारतीय कार्यालयातले राजनैतिक अधिकारी. ३ फेब्रुवारी १९८४ला संध्याकाळी मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन ते घराजवळ बसमधून उतरले आणि तिथूनच त्यांना पळवून नेलं. काश्मिरी फुटीरतावाद्यांची मागणी होती दहा लाख पौंड आणि तिहारमधल्या मकबूल भटची सुटका. दोन-तीन दिवसांतच लिस्टरशायरमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. ११ फेब्रुवारीला भटला फाशी झाली. म्हात्र्यांच्या गोष्टीत ड्रायव्हर नाहीच. साधी बस होती, आणि रोजचा थांबा.

तेव्हा मामांनी पहिल्यांदा आपल्या कामाबद्दल सांगितलं. "घराचं दार आणि ऑफिसचं दार, हे दोनच ठिकाण वाईट. मधे रस्ते बदलता येतात, दार कुठून बदलणार?" म्हणून गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावायची. सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील एवढं अंतर सोडायचं, म्हणजे बाहेर काढायला जागा राहते. रोज एकाच वेळी निघायचं नाही. तीच दुचाकी दोनदा दिसली तर नंबर लक्षात ठेवायचा. आणि साहेब कुठे गेले ते बायकोलासुद्धा सांगायचं नाही.

मी विचारलं, "मग कधी काही झालं का?"

"झालं नाही. त्याचाच पगार होता."

नंतर मी जरा वाचलं. राजनैतिक अधिकाऱ्यांना १९६१च्या व्हिएन्ना कराराचं कवच असतं. त्यांना अटक करता येत नाही, आणि त्यांच्यावर हल्ला होऊ नये ही यजमान देशाची जबाबदारी. आपल्याकडे त्यासाठी १९७२चा कायदा आहे. ड्रायव्हर त्यात ‘सेवक वर्गात’ मोडतो. बाहेरून आलेला असेल तर त्याला कामापुरतं संरक्षण. इथलाच नागरिक असेल तर यजमान देश देईल तेवढंच. म्हणजे एकाच गाडीत, दोन हातांच्या अंतरावर, मागच्याला करार आणि पुढच्याला नशीब. गोळी किंवा बाँब काही ही यादी बघून येत नाही.

१३ फेब्रुवारी २०१२ला दिल्लीत इस्रायली वकिलातीच्या गाडीला मोटरसायकलवरच्या माणसाने चुंबकाचा बाँब चिकटवला. आत वकिलातीतल्या अधिकाऱ्याची पत्नी होती, मुलांना शाळेतून आणायला निघालेली. मामा तेव्हा वरणगावात टीव्हीसमोर बसलेले. बातम्या रात्रभर त्या बाईंबद्दल, इराणबद्दल, परराष्ट्र धोरणाबद्दल. मामांनी मला फोन केला तो एवढंच विचारायला, "ड्रायव्हर वाचला का रे?"

वाचला होता. जखमी होता, पण वाचला होता. इंटरनेटवर शोधून मी सांगितलं, तेव्हा ते झोपायला गेले.

मामा आता नाहीत. त्यांनी कुणाकुणाला कुठेकुठे नेलं ते त्यांच्याबरोबरच गेलं, आणि ते तसंच जायला हवं होतं हे मला आता कळतं. पण लहानपणी वाटायचं की त्यांना सांगण्यासारखं काही नाही, ते चूक होतं. ते वाक्य आज मागे घेतो. मामी, तुम्हाला कुणी हे वाचून दाखवलं तर कळू द्या.

आणि हो, मी हल्ली गाडी तोंड रस्त्याकडे करूनच लावतो. सोसायटीतले लोक हसतात. असो.