रिपोर्ट नॉर्मल, तरी मूल का नाही? शुक्राणूंच्या एका शोधाची गोष्ट

"डॉक्टर, यांचा रिपोर्ट नॉर्मल आला. म्हणजे दोष माझ्यातच ना?" दवाखान्यात हा प्रश्न मी अनेकदा ऐकतो. बहुतेक वेळा शेजारी सासूबाई बसलेल्या असतात. अशा वेळी मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते.

१६७७ साली हॉलंडमधल्या लेवेनहूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा मानवी शुक्राणू बघितले. शुक्राणू पोहत स्त्रीबीजापर्यंत पोहोचला की गर्भधारणा होते, असा समज पुढे रूढ झाला. पण मग काचेच्या भांड्यात दोघांना एकत्र ठेवलं तरी गर्भ का तयार होत नाही?

याचं उत्तर १९५१ साली दोघांनी स्वतंत्रपणे शोधलं: अमेरिकेत एम. सी. चँग आणि ऑस्ट्रेलियात सी. आर. ऑस्टिन. ताजे शुक्राणू सशाच्या मादीच्या गर्भनलिकेत सोडले, तर ते लगेच फलन करू शकत नाहीत. त्यांना काही तास मादीच्या शरीरात राहावं लागतं. या तयारीला 'कपॅसिटेशन' म्हणतात.

या तासांत नेमकं काय होतं? वीर्यातली काही प्रथिनं शुक्राणूवर लेप देऊन असतात, ती निघून जातात. स्त्रीच्या प्रजननमार्गातलं अल्ब्युमिन हे प्रथिन शुक्राणूच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. बायकार्बोनेट आणि कॅल्शियम आत शिरतात, शेपटी जोरात फटके मारू लागते. गंमत म्हणजे, तयार झालेले शुक्राणू पुन्हा वीर्याच्या द्रवात ठेवले, की त्यांची क्षमता जाते. हे चँग यांनीच १९५७ मध्ये दाखवलं.

हे कळल्यावर वाट मोकळी झाली. १९५९ मध्ये चँग यांनी ससाच्या बीजांचं काचेच्या भांड्यात फलन केलं आणि त्यातून जिवंत पिल्लं जन्मली. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या मुंबईत, केईएम रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली.

२००५ साली जपानी शास्त्रज्ञांना शुक्राणूवरचं 'इझुमो' हे प्रथिन सापडलं. हे प्रथिन नसलेल्या उंदरांचे शुक्राणू दिसायला उत्तम, पोहायलाही उत्तम. पण ते बीजाशी एकरूपच होत नाहीत. बीजावरचं त्याचं जोडीदार प्रथिन, 'जूनो', २०१४ मध्ये सापडलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार कळतो. पुढची तयारी नीट होते का, हे त्यातून कळत नाही. म्हणून 'यांचा रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ 'दोष बायकोचा' असा होत नाही. कधी कधी दोघांच्याही तपासण्या नॉर्मल येतात, तरी दिवस राहत नाहीत. त्यावरही उपचार आहेत.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. पत्नीचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच जा. आणि सासूबाईंनाही ही गोष्ट जरूर सांगा.