‘गॅस’ची शंभर वर्षे

एसी थंड करेनासा झाला की आपण म्हणतो, ‘गॅस संपला.’ खरे तर गॅस संपत नाही, गळतो. बंद नळीत फिरणारा हा शीतक एका जागेची उष्णता उचलून दुसरीकडे टाकतो. एसी ती घराबाहेर टाकतो. थंड देशांतला हीट पंप तीच घरात आणतो. शीतक कोणता निवडायचा, हा वाद मात्र शंभर वर्षांचा आहे.

सुरुवातीच्या घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. गळती झाली की घरातल्यांच्या जिवावर बेतायचे. १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी फ्रिऑन शोधला. १९३० मध्ये मिजलीने तो भर सभेत छातीत ओढून त्याच फुंकरीने मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटतही नाही! झुरिचच्या नगरभवनात लिमट नदीची उष्णता घेणारा हीट पंप बसला, तोही याच कुळातल्या आर-१२ वर.

धोका घरातून गेला, आकाशात पोहोचला. हे वायू ओझोनचा थर खातात, असे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवले. जगाला एका टेबलावर आणण्यात मोठा वाटा होता इजिप्तचे वनस्पतिशास्त्रज्ञ मुस्तफा तोलबा यांचा. ते तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख होते. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. पण बदलाचा खर्च गरीब देशांनी का सोसायचा? १९९० मध्ये लंडनला निधी ठरला, त्यानंतर १९९२ मध्ये भारत करारात आला.

पर्यायी वायूंनी ओझोन वाचवला, पण हवा तापवली. आर-४१०ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट तापवतो. म्हणून २०१६ चा किगाली करार, आणि म्हणूनच प्रोपेनचे, म्हणजे आर-२९० चे पुनरागमन. गोदरेजने भारतात त्यावरचे एसी २०१२ मध्येच आणले.

प्रोपेन विषारी नाही, पण पेटतो. हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. नळी झाळण्याआधी गॅस काढून नायट्रोजन फिरवावाच लागतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस किंवा जुन्या मशिनमध्ये प्रोपेन भरणे म्हणजे आगीला आमंत्रण.

आपल्या मोहल्ल्यांत एसी दुरुस्तीवर घर चालवणारी कितीतरी मुले आहेत. बहुतेक जण उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. शंभर वर्षांचा हा धोका आता त्यांच्या हातात आला आहे. करार परदेशात होतात, नळी मात्र तेच उघडतात. त्यांना प्रशिक्षण आणि गळती ओळखणारे यंत्र मिळाले पाहिजे.