शेत फुगलं, डोंगर सरकला: आकाशातून जमीन मोजण्याची गोष्ट

इतिहास म्हटलं की राजे, लढाया आणि तह आठवतात. आजच्या भागात मात्र मी एका मोजमापाचा इतिहास सांगणार आहे. प्रश्न साधा आहे. पायाखालची जमीन दोन-तीन सेंटिमीटर सरकली, तर ते सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून कळेल का? पन्नास वर्षांपूर्वी कुणी असं विचारलं असतं तर लोक हसले असते. आज मात्र हे रोजचं काम झालंय. आणि हे काम होऊ लागल्यावर एक नवाच प्रश्न उभा राहिला, त्याकडे आपण शेवटी येऊ.

सुरुवात रडारपासून करू. उपग्रहावरचा कॅमेरा उन्हावर अवलंबून असतो. रात्र झाली किंवा ढग आले की तो आंधळा. रडार स्वतःच रेडिओलहरी सोडतं आणि जमिनीवरून परत आलेला प्रतिध्वनी ऐकतं, त्यामुळे त्याला ढगांची अडचण नाही. अडचण वेगळीच होती. उंचीवरून बारीक तपशील दिसायला अँटेना प्रचंड लांब हवा. १९५१ मध्ये अमेरिकेत कार्ल वायली या अभियंत्यानं यावर तोड काढली. रडार पुढे सरकत असतं ना? मग त्या प्रवासातले सगळे प्रतिध्वनी गणितानं एकत्र करायचे आणि छोट्या अँटेनाकडून मोठीचं काम करून घ्यायचं. यालाच सिंथेटिक अपर्चर रडार, थोडक्यात सार म्हणतात.

जून १९७८ मध्ये नासानं सीसॅट नावाचा उपग्रह सोडला. तो होता समुद्र बघायला. त्याच वर्षी ऑक्टोबरात विजेच्या बिघाडानं तो बंद पडला. जेमतेम साडेतीन महिने चालला, पण त्याच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. अकरा वर्षांनी, १९८९ मध्ये, नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या गॅब्रिएल, गोल्डस्टाइन आणि झेबकर या तिघांनी त्याच जुन्या नोंदी बाहेर काढल्या आणि कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅलीची वेगवेगळ्या दिवशी घेतलेली चित्रं एकमेकांशी ताडून पाहिली. काही शेतं ठळक वेगळी दिसली, आणि त्यांच्या कडा अगदी बांधाबांधानं आखल्यासारख्या होत्या. ही जमीन पाणी पिऊन फुगली होती, सेंटिमीटरांच्या हिशेबात!

मला या इतिहासातला हा प्रसंग सगळ्यात जास्त आवडतो. आपल्याकडे काळ्या रानात राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्याला ठाऊकच असतं. नवल हे की आता ते अंतराळातून मोजता आलं.

कसं मोजलं? घड्याळाचं उदाहरण घेऊ. परत येणाऱ्या रेडिओलहरीची एक स्थिती असते, तिला कला म्हणतात. ती मिनिटकाट्यासारखी समजा. पहिल्या फेरीला काटा बारावर होता आणि पुढच्या फेरीला त्याच जागेवरून आलेल्या लहरीचा काटा तीनवर, म्हणजे मधल्या काळात अंतर बदललं. युरोपच्या ईआरएस-१ उपग्रहाची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर होती. लहर जाते आणि परत येते, म्हणून जमीन २.८ सेंटिमीटर सरकली की काट्याचा एक पूर्ण फेरा होतो. नकाशावर तो रंगांचा एक पट्टा म्हणून दिसतो. पट्टे मोजा, सरकणं कळेल.

पण या घड्याळाला तासकाटा नाही! फेरे किती झाले ते थेट दिसत नाही, शेजारच्या ठिपक्यांवरून ताडावं लागतं. शिवाय डोंगरदऱ्यांचा उंचसखलपणा, उपग्रहाच्या मार्गातला किंचित फरक आणि हवेतली वाफ, हे सगळे त्याच काट्यात मिसळलेले असतात. म्हणून या इतिहासात उपकरणाइतकंच सॉफ्टवेअरलाही महत्त्व आहे. उपग्रह चित्र पाठवतो, पण सरकणं शोधून काढतं ते सॉफ्टवेअर.

जगाचं लक्ष वेधलं ते १९९३ मध्ये. आदल्या वर्षी, २८ जून १९९२ ला, कॅलिफोर्नियातल्या लँडर्स इथं ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता. फ्रान्सच्या अंतराळ संस्थेतले दिदिए मासोने आणि त्यांचे सहकारी यांनी ईआरएस-१ ची एप्रिल आणि ऑगस्ट १९९२ ची चित्रं घेतली, त्यांतून डोंगरांची उंची वजा केली आणि भूकंपानं जमीन किती हलली तेवढंच उरवलं. भेगेच्या दोन्ही बाजूंना फुलपाखराच्या पंखांसारखे रंगीत पट्टे उमटले. ८ जुलै १९९३ च्या 'नेचर'च्या मुखपृष्ठावर ते चित्र झळकलं. मोहावेचं कोरडं वाळवंट कामी आलं होतं, कारण तिथं काट्यांचा ताळमेळ बिघडवणारी झाडंझुडपं फारशी नाहीत.

आता तारखेकडे लक्ष द्या. त्या मुखपृष्ठाला तीन महिनेही झाले नव्हते आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडण्याआधीच आपलं किल्लारी जमीनदोस्त झालं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. हजारो माणसं गेली. किल्लारीच्या भूकंपाचा असा रडार-अभ्यास शास्त्रीय नियतकालिकात आला तो २००६ मध्ये. तंत्र जगात होतं. आपल्या मातीपर्यंत पोचायला त्याला तेरा वर्षं लागली.

ही दरी कशानं भरली? एक, नव्या युक्त्यांनी. मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या फेरेत्ती, प्राती आणि रोक्का यांनी १९९९ च्या सुमारास दोनच चित्रांऐवजी चित्रांची अख्खी चळत वापरायला सुरुवात केली. इमारती, पूल, उघडे खडक अशा वर्षानुवर्षं सारखाच प्रतिध्वनी देणाऱ्या जागा त्यांनी वेचल्या. शहर वर्षाला किती मिलिमीटर खचतंय, हे त्यामुळे कळू लागलं. दोन, सॉफ्टवेअर खुलं झालं. कॅलिफोर्नियातलं रोईपॅक, नेदरलँड्सच्या डेल्फ्टमधलं डोरिस, आणि फेरे मोजण्याचं किचकट काम करणारं स्टॅनफर्डचं स्नाफू. तीन, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे विदा फुकट झाली. ३ एप्रिल २०१४ ला युरोपनं सेंटिनेल-१ए सोडला आणि त्याची चित्रं सगळ्यांसाठी मोफत ठेवली. आज जिल्ह्याच्या कॉलेजातली विद्यार्थिनीसुद्धा स्नॅप नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेऊन स्वतःच्या गावाचा नकाशा काढू शकते.

मग आपण सुटलो का? नाही. सेंटिनेल-१ए वर गेला त्याच वर्षी, ३० जुलैला, आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं दगावली. सह्याद्रीतला पावसाळा म्हणजे दाट हिरवाई आणि हवेत वाफच वाफ. ५.६ सेंटिमीटरची लहर पानांवरच अडकते, काटे जुळत नाहीत. शिवाय दरड क्षणात कोसळते आणि उपग्रह ठरलेल्या दिवशीच येतो. योगायोग असा की, माळीणला बरोबर अकरा वर्षं झाली त्याच दिवशी, ३० जुलै २०२५ ला, श्रीहरिकोट्याहून नासा आणि इस्रोचा निसार झेपावला. त्याच्या एका रडारची तरंगलांबी २४ सेंटिमीटर आहे. ती पानांतून खाली बरीच जास्त पोचते, आणि तीच जागा दर बारा दिवसांनी पुन्हा बघितली जाते. दरड नेमकी कुठल्या रात्री पडेल ते निसार सांगणार नाही. पण हळूहळू सरकणारा उतार कुठला, हे तो नक्की दाखवू शकतो.

आणि आता सुरुवातीला म्हटलेला तो नवा प्रश्न. जानेवारी २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या जोशीमठात घरांना तडे गेले. इस्रोच्या हैदराबादच्या केंद्रानं उपग्रहांच्या चित्रांवरून सांगितलं की २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत तिथली जमीन ५.४ सेंटिमीटर खचली. बातमी देशभर गेली. लगेच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं संस्थांना कळवलं की परस्पर माध्यमांशी बोलू नका, आणि तो अहवाल संकेतस्थळावरून दिसेनासा झाला. कारण दिलं गेलं ते असं, की वेगवेगळ्या अर्थांमुळे लोकांत गोंधळ होतोय. या युक्तिवादात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, अर्धवट आकडा घबराट पसरवतो हे खरंच आहे. पण ज्याच्या भिंतीला तडा गेलाय, त्याच्यापासून आकडा लपवून घबराट कमी होते का? तडा तर त्याला रोज दिसतोच.

मला या इतिहासातून एवढंच दिसतं. ऐंशीच्या दशकात अडचण मोजण्याची होती, नव्वदीत चित्रं मिळवण्याची. आज मोजता येतं आणि चित्रंही मिळतात. अडचण उरली आहे ती आकडा उताराखालच्या वाडीपर्यंत, तिथल्या ग्रामपंचायतीपर्यंत, तिला कळेल अशा भाषेत आणि पावसाळ्याच्या आधी पोचवण्याची. हे काम कुठलाही उपग्रह करणार नाही, ते आपल्यालाच करावं लागेल.

तुमच्या भागात डोंगर सरकल्याच्या, विहिरी खचल्याच्या जुन्या आठवणी घरातल्या मोठ्यांकडे असतील तर जरूर लिहून पाठवा. त्यांवर एक वेगळा भाग करायचा विचार आहे. आज इथंच थांबतो.