शिशाच्या गावाचे गाणे

स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात, मुर्सिया प्रांतात, कार्ताहेना या पुरातन बंदराच्या पूर्वेस दहा-बारा किलोमीटरांवर ला उनियोन नावाचे एक गाव आहे. गावाभोवतीच्या टेकड्यांवर झाडी विरळ. नजरेत भरतात ते तांबूस, पिवळट आणि राखी मातीचे ढिगारे, धातू वितळवण्याच्या भट्ट्यांची पडकी धुराडी आणि खाणींच्या तोंडावर अजून तग धरून उभे असलेले पाळण्याचे सांगाडे. अशा या रुक्ष मुलखात दरवर्षी ऑगस्टच्या आरंभी फ्लामेंको गायनाची स्पर्धा भरते; आणि गळ्यावर उपजीविका करू पाहणाऱ्या स्पेनमधील तरुण गायकाला तेथील सर्वोच्च पारितोषिक, म्हणजे खाणकामगाराचा दिवा, एकदा लाभला की मोठमोठ्या नाट्यगृहांचे दरवाजे त्याच्यासाठी उघडतात.

फ्लामेंको म्हटले की आपल्याकडील वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे झालरींचा घागरा घातलेली नर्तकी उभी राहते, आणि थोडे अधिक वाचलेला माणूस लगेच जिप्सींच्या भारतीय मूळस्थानाकडे वळतो. रोमा लोकांची भाषा आपल्या आर्यकुलातील आहे हे निर्विवाद. परंतु ला उनियोनच्या गाण्यात राजस्थान शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. हे गाणे घडले ते शिशाच्या आणि चांदीच्या धंद्यात, मक्तेदारांच्या जमाखर्चात आणि पोटासाठी परमुलखात आलेल्या मजुरांच्या वस्तीत.

या डोंगरांची ख्याती फार जुनी. ख्रिस्तपूर्व 209 मध्ये रोमन सेनापती स्किपिओने कार्थेजकरांकडून कार्ताहेना जिंकले, त्यामागे बंदराच्या मोक्याच्या स्थानाइतकाच या खाणींचाही मोह होता. त्या काळी येथे 40,000 माणसे राबत आणि रोमन प्रजासत्ताकाच्या खजिन्यात दररोज 25,000 द्राख्मांचा भरणा होई, असे स्ट्राबोने पॉलिबियसच्या हवाल्याने नमूद करून ठेवले आहे. ती माणसे काही गात असतील, तर त्याची नोंद कोणी केली नाही. साम्राज्याच्या दफ्तरात महसूल चढतो, गाणे चढत नाही. पुढे कित्येक शतके या खाणी जवळजवळ निद्रिस्त होत्या, आणि 1840 च्या सुमारास, शेजारच्या आल्मेरिया प्रांतात चांदीची नवी शीर सापडून सर्वत्र खाणींचा ज्वर चढला तेव्हा, त्या पुन्हा जाग्या झाल्या.

खाणींच्या सनदा मिळवण्यासाठी झुंबड उडाली. जमिनीचे लहान लहान तुकडे नाना नावांनी नोंदवले गेले, आणि बहुतेक सनदधारकांनी स्वतः खोदण्याऐवजी ती खाण दुसऱ्या कोणास मक्त्याने दिली. हा मक्तेदार निघालेल्या धातूवर मालकाला ठरलेला हिस्सा देई, आणि अल्पकाळात जितके खणून काढता येईल तितके काढण्यावर त्याची नजर असल्यामुळे आधाराच्या लाकडांवर, हवेच्या वाटांवर वा मजुरांच्या जिवावर खर्च करणे त्याला परवडत नसे. मजुराच्या हातावर रोख पैसे न ठेवता चिठ्ठ्या ठेवण्याची रीत होती, आणि त्या चिठ्ठ्या चालत त्या मक्तेदाराच्याच वा त्याच्या सोयऱ्याच्या दुकानात, तो सांगेल त्या भावाने. कोवळ्या वयाची पोरे एस्पार्तो गवताच्या टोपल्यांत दगड भरून अरुंद बोगद्यांतून ते वाहून आणीत. 1898 च्या मे महिन्यात या चिठ्ठ्यांविरुद्ध उठाव झाला. 1916 च्या संपात शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि कामगार मृत्युमुखी पडले. स्पेनच्या कामगार चळवळीच्या इतिहासात या दोन प्रसंगांना स्थान आहे, गाण्याच्या इतिहासात मात्र ते क्वचितच सांगितले जातात. ही उपेक्षा मला खटकते, कारण खाणीच्या गाण्यांतील पुष्कळशी कटुता याच चिठ्ठ्यांची आहे.

माणसे आली ती मुख्यत्वे आल्मेरियाहून. तेथील डोंगरांतले शिसे ओसरू लागले तशी कुटुंबेच्या कुटुंबे, गाढवांवर संसार लादून, इकडे उतरली. विखुरलेल्या वाड्यांची 1860 मध्ये कार्ताहेनापासून स्वतंत्र नगरपालिका झाली, आणि नव्या गावास कोणत्या वाडीचे नाव द्यावे यावरून जुंपलेला तंटा जनरल प्रिम यांनी मध्यस्थी करून मिटवला, त्यातून 1868 मध्ये ला उनियोन, म्हणजे ऐक्य, हे नाव कायम झाले. शतक संपता संपता लोकसंख्या तीस हजारांच्या घरात पोचली. पगाराच्या रात्री गावातील गाण्याच्या उपाहारगृहांत, ज्यांना तिकडे गायन-कॅफे म्हणत, पाय ठेवायला जागा उरत नसे. आलेल्या माणसांनी आपल्याबरोबर फांदांगो या लोकगीतप्रकाराच्या चाली आणल्या होत्या, आणि त्या चाली येथील कोंदट हवेत हळूहळू विलंबित, ताणलेल्या, ठेक्याच्या बंधनातून सुटलेल्या अशा झाल्या. तारांता, कार्ताहेनेरा, लेवांतिका, मुर्सियाना आणि मिनेरा या साऱ्या त्यांच्या शाखा.

या गाण्याचा आद्य शिल्पकार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो मात्र खाणीत उतरणारा नव्हता, आणि या गावचाही नव्हता. आंतोनिओ ग्राउ मोरा याचा जन्म 1847 चा, आलिकांते प्रांतातल्या कायोसा दे सेगुरा येथला. तागासारख्या धाग्यांच्या तळव्याची पादत्राणे विणणे हा त्याचा धंदा, आणि त्याच्या तांबड्या केसांवरून त्याला पडलेले नाव रोहो एल आल्पार्गातेरो, म्हणजे तांबडा चांभार म्हणा ना. मालागा आणि आल्मेरिया येथे काही काळ काढून तो ला उनियोनला स्थिरावला, तेथे त्याने खाणावळ चालवली, आणि 1907 मध्ये तेथेच त्याचे देहावसान झाले. त्याच्या खाणावळीत येणारा प्रत्येक परमुलखी गवई काही ठेवून जाई आणि काही घेऊन जाई. आंतोनिओ चाकोन या थोर गायकाने कार्ताहेनेराला पुढे संपूर्ण स्पेनमध्ये मान्यता मिळवून दिली, आणि त्या गायकीची मुळे याच परिसरात आहेत.

गाण्याच्या जोडीला येथे त्रोवो नामक शीघ्रकवित्वाचा अखाडा भरे. आपल्याकडे कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर जसे रात्रभर एकमेकांस कवनांतून अडवीत, तसे येथील दोन कवी समोरासमोर बसून तत्क्षणी आठ अक्षरांच्या पाच-पाच ओळी रचीत आणि प्रतिपक्षाची कोटी त्याच्याच यमकात परतवीत. होसे मारिया मारिन हा त्यांतला सर्वांत नामांकित. आणि त्रोवोतली पुष्कळशी कडवी पुढे कवी विस्मृतीत जाऊन गाण्यात रुळली.

पहिल्या महायुद्धानंतर शिशाचा भाव कोसळला. खाणीमागून खाण बंद पडली, माणसे बार्सिलोनाच्या गिरण्यांकडे निघून गेली, आणि 1940 पर्यंत गावाची वस्ती एक तृतीयांशावर आली. गायन-कॅफे मिटले. रोहोचा मुलगा आंतोनिओ ग्राउ दाउसेत याच्यापाशी बापाची विद्या होती; ती त्याच्याकडून कार्ताहेनाचा आंतोनिओ पिन्याना याने घेतली. हा एकपदरी धागा मध्येच तुटला असता तर आज ज्याला खाणीचे गाणे म्हणतात त्याचा बराच भाग आपल्यापर्यंत पोचला नसता.

महोत्सवाच्या जन्माची हकिगत गावकरी मोठ्या चवीने सांगतात. 1961 साली हुआनितो बाल्देरामा हा लोकप्रिय गायक ला उनियोनला आला. त्याने सन्मानाने खाणीची गाणी गायला आरंभ केला, तर श्रोत्यांनी त्याच्या चालत्या पदांची फर्माईश केली. बाल्देरामाने भर सभेत गावाला चार शब्द सुनावले, की ज्या गाण्यामुळे तुमच्या गावाचे नाव झाले तेच तुम्हाला नको झाले. नगराध्यक्ष एस्तेबान बेर्नाल यांना ते लागले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिली स्पर्धा भरली. लेखक आणि चित्रकार असेन्सिओ साएझ त्यांच्या साह्यास होते. पिन्याना तर या साऱ्या व्यवहाराचा शास्त्री होता. त्याआधी 1922 मध्ये ग्रानादा येथे संगीतकार फाया आणि कवी लोर्का यांनी अशीच स्पर्धा भरवली होती, 1956 मध्ये कोर्दोबाने तो पायंडा पुढे चालवला होता. परंतु केवळ एका डोंगराच्या गाण्यासाठी स्पर्धा मांडणे, आणि तेही ज्या गावाने ते गाणे ऐकायचे सोडले होते त्या गावात, हे धाडसाचेच काम होते.

स्पर्धा आली की नियम आले, आणि नियम आले की रूप ठरते. मिनेरा हा स्वतंत्र आणि प्रतिष्ठित प्रकार म्हणून जो रूढ झाला तो मुख्यतः या स्पर्धेमुळे आणि पिन्यानाच्या शिकवणीमुळे. कारण सर्वोच्च दिवा हवा असेल तर मिनेरा गाता आलीच पाहिजे, अशी अट पडली. हे गाणे समोर बसून पाहण्यासारखे आहे. गवई खुर्चीवर बसतो, जवळजवळ न हलता, शेजारी गिटारवादक. वादक डाव्या हाताने असा पडदा धरतो की दाबलेल्या तारांचे आणि मोकळ्या तारांचे स्वर एकमेकांना घासत राहतात. तारांत्यात षड्ज एका जागी, मिनेरात त्याच्या एक स्वर वर, आणि दोन्हींत ही विसंवादी कुरकुर कोठेही सोडवायची नसते. मग 'आय' या एका उद्गारावर लांबलेली सुरुवात, आणि नंतर कडव्याच्या ओळी, प्रत्येक ओळीचा शेवट स्वरांच्या पायऱ्यांवरून खाली घसरत जाणारा. ठेका नसल्यामुळे चूक लपवायला जागा नाही. श्वास कोठे घेतला हेही परीक्षकाला ऐकू येते.

1970 च्या दशकाच्या अखेरीस स्पर्धा गावच्या जुन्या मंडईत आली. बिक्तोर बेल्त्री आणि पेद्रो सेर्दान यांनी आखलेली, लोखंड आणि काच यांची ही इमारत 1907 मध्ये, म्हणजे रोहोच्या मृत्यूच्याच वर्षी, पुरी झाली. गाव श्रीमंत असताना भाजीपाला आणि मासळी विकण्यासाठी एवढा खर्च करण्यात आला. आज तेथे मासळीच्या जागी खुर्च्या मांडतात, आणि लोक त्या मंडईला गाण्याचे प्रार्थनामंदिर म्हणतात. उपमा थोडी भडक आहे, पण तेथल्या उंच छताखाली एकट्या गळ्याचा नाद घुमतो तो ऐकणाऱ्याला ती खोटी वाटत नाही.

पारितोषिक मिळवणाऱ्यांत गावचा म्हणावा असा श्रेष्ठ गायक म्हणजे पेन्चो क्रोस. 1925 मध्ये ला उनियोनलाच जन्मलेला, स्वतः खाणीत राबलेला हा मनुष्य मिनेराचे पारितोषिक अनेकदा घेऊन गेला. त्याचा आवाज चकचकीत नव्हता, तरी कडव्यातल्या प्रत्येक शब्दाला वजन देण्याची त्याची हातोटी नंतरच्या अनेक सुरेल विजेत्यांना साधली नाही. त्यानंतर 1979 आणि 1980 असा लागोपाठ दोनदा दिवा जिंकणारी एन्कार्नासिओन फर्नांदेस ही जिप्सी गायिका. जन्माने उत्तरेकडची, वस्तीने ला उनियोनची. 1987 मध्ये बार्सिलोनाची माय्ते मार्तिन. 1993 मध्ये बादालोनाचा, तेव्हा विशीतला, मिगेल पोवेदा, ज्याने दिव्याबरोबर इतर विभागांतलीही पारितोषिके एका रात्रीत उचलली. 2008 मध्ये वेल्वाची रोसिओ मार्केस, तिचीही तशीच मुसंडी. गिटारच्या आणि नृत्याच्या विभागांतून बिसेन्ते आमिगो आणि इस्राएल गाल्वान यांच्यासारखे कलावंत गेले.

दिवा परक्यांच्या घरी जातो, अशी गावात कुरकुर असते. मला ही तक्रार इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही असे वाटते. ज्या गावात रोहो आलिकांत्याहून आला, चाली आल्मेरियाहून आल्या आणि मजुरांतले निम्मेअधिक दुसऱ्या मुलखाचे होते, तेथले गाणे प्रथमपासूनच परक्यांनी घडवलेले आहे. पोवेदा आणि मार्तिन ज्या कातालोनियातून आले तेथे तर शिसे बुडाल्यावर याच पट्ट्यातील माणसे गेली होती. स्पर्धेवर खरा आक्षेप घ्यायचा तर वेगळा घ्यावा: नियमांमुळे गाण्यात एक शालेय चोखपणा शिरतो, परीक्षकांना आवडलेली मागच्या वर्षीची तान पुढच्या वर्षी दहा गळ्यांतून ऐकू येते, आणि क्रोससारखा ओबडधोबड गायक आज अंतिम फेरीत पोचला असता की नाही, याची शंका येते.

आणखी एक विसंगती नमूद करण्यासारखी आहे. ज्या वर्षी नगरपालिका गाणे वाचवायला निघाली, त्याच काळात पेन्यारोया ही फ्रेंच कंपनी डोंगर वरून कापून नेत होती. बोगदे, टोपल्या, दिवे यांची जागा यंत्रांनी घेतली होती. म्हणजे ज्या भूमिगत श्रमातून गाणे निघाले तो श्रम स्पर्धा सुरू होत असतानाच संपत आला होता. धातू काढून उरलेला गाळ 1957 पासून 1990 पर्यंत शेजारच्या पोर्तमानच्या उपसागरात सोडला गेला, सुमारे 5.7 कोटी टन. रोमन गलबते जेथे नांगर टाकीत ते बंदर काळ्या वाळूने भरून गेले आणि कोळ्यांच्या होड्या समुद्रापासून शेकडो मीटर दूर पडल्या. 1991 मध्ये शेवटची खाणही बंद झाली. गाण्याच्या मानपत्रांत पोर्तमानचा उल्लेख सहसा आढळत नाही.

आता महोत्सवाच्या दिवसांत आग्रुपा बिसेन्ता नावाच्या बंद खाणीत, जमिनीखाली तांबड्या पाण्याच्या तळ्याजवळ, तिकीट लावून गायनाचा कार्यक्रम करतात. पर्यटकांना तो आवडतो. मला त्यात नेपथ्याचा भाग अधिक वाटतो. त्यापेक्षा 2012 च्या उन्हाळ्यात घडलेली गोष्ट मला मोठी वाटते. उत्तरेकडील लेओन प्रांतात कोळशाचे अनुदान कापल्याच्या निषेधार्थ काही कामगारांनी सांता क्रूस येथील खाणीत स्वतःला कोंडून घेतले होते. रोसिओ मार्केस त्यांच्याकडे खाली उतरली आणि तिने त्यांना खाणीची गाणी म्हणून दाखवली. ते मजूर लेओनचे, गायिका वेल्वाची, आणि कडवी मुर्सियातल्या शिशाची होती.