अण्णाभाऊंचा फड, अण्णाभाऊंची झोपडी : दोन आठवणींच्या मधला इतिहास

१/ १८ जुलै १९६९. मुंबईत गोरेगावला अण्णाभाऊ साठे यांचे निधन झाले. वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण व्हायला चौदा दिवस उरले होते. बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, त्यांचे फडातले सोबती शाहीर अमर शेख गेले. याच सहा आठवड्यांत अमेरिकेत वुडस्टॉकचा प्रसिद्ध संगीतमहोत्सव झाला. वुडस्टॉक चित्रित झाला. तो आजही कुणालाही पाहता येतो. लालबावट्याचा फड जाणून घ्यायचा असेल, तर मात्र तो पाहिलेल्या माणसांना विचारावे लागते. आजचा धागा त्या माणसांच्या आठवणींविषयी.

२/ इस्लामपूर हे वाळवे तालुक्याचे ठाणे. याच तालुक्यात, कासेगावाजवळ, अण्णाभाऊंचे वाटेगाव आहे. या भागात वाढलेल्या माणसाने अण्णाभाऊंविषयी दोन गोष्टी हमखास ऐकलेल्या असतात. पहिली : त्यांचा कार्यक्रम म्हटला की मैदान अपुरे पडे. दुसरी : शेवटी त्यांचे फार हाल झाले. पहिली गोष्ट सांगताना आवाज चढतो, दुसरी सांगताना उतरतो. या दोहोंच्या मध्ये काय घडले, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

३/ प्रथम थोडी पार्श्वभूमी. तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. सांगलीचा स्वतंत्र जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने झाला. शाळेत ते अवघे दीड दिवस टिकले, असे सांगतात. ही कथा इतकी आवडती झाली आहे, की तिच्यामुळे त्यांची खरी शाळा झाकोळून गेली.

४/ ती खरी शाळा म्हणजे तमाशा. नात्यातल्या बापू साठे यांच्या फडात ते तरुणपणी वावरले. ढोलकीची साथ, सोंगाड्याची हजरजबाबी, वग कोठे ताणावा आणि कोठे सोडावा, हे सारे त्यांनी उभ्याने पाहून आत्मसात केले. ‘दीड दिवस शिकलेला माणूस इतके कसे लिहितो?’ असे आश्चर्य करण्यापूर्वी हे शिक्षण हिशेबात धरले पाहिजे. त्याचे प्रमाणपत्र मिळत नसे, एवढाच काय तो फरक.

५/ या मातीला तमाशा नवा नव्हता. वाळवे तालुक्यातल्याच रेठरे हरणाक्ष गावी १८६६ मध्ये श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. तेच पुढे पठ्ठे बापूराव झाले. ब्राह्मणाचा मुलगा तमाशात गेला आणि पवळाबाईंच्या साथीने त्याने मुंबई गाजवली. त्यांचेही अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्याच सुमारास मुंबईत त्यांच्याच तालुक्यातला दुसरा तरुण तमाशाची नवी घडी बसवत होता.

६/ अण्णाभाऊ लहान वयातच कुटुंबाबरोबर मुंबईला आले होते. हमाली, गिरणीतले काम, पडेल ते कष्ट त्यांनी केले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी त्यांचा संबंध आला. दुसरे महायुद्ध चालू होते. व्होल्गाकाठच्या लढाईवर त्यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. शिवरायांच्या पराक्रमासाठी घडलेला हा प्रकार त्यांनी रशियातल्या नगराच्या संरक्षकांसाठी वापरला, आणि मुंबईच्या कामगारांना तो परका वाटला नाही.

७/ १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक उभारले. तिघांचे गुण वेगवेगळे. बार्शीचे अमर शेख म्हणजे पहाडी आवाज. गव्हाणकर स्वतः कवी आणि शाहीर. अण्णाभाऊ लेखक आणि नट. पाहिलेल्यांच्या आठवणींत ही तीन नावे बहुधा एका दमात येतात. म्हणूनच ‘अण्णाभाऊंचा कार्यक्रम’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो पुष्कळदा तिघांचा असतो, हे ध्यानात ठेवावे.

८/ समोर बसलेले लोक कोण होते? गिरणगावातल्या कामगारांत सातारा आणि कोकणातून आलेल्यांची संख्या मोठी. बायकामुले गावी आणि कर्ता पुरुष मुंबईत, एका खोलीत अनेकजण वळकट्या टाकून. गावच्या जत्रेत पाहिलेला तमाशा हा त्यांच्या घराचा एक तुकडा होता. तो तुकडा त्यांच्यापुढे मैदानात उभा राहिला, आणि त्यात पगार, भाडे, सावकार, काळाबाजार हे त्यांचेच विषय आले. गर्दीचे कारण येथे आहे.

९/ अण्णाभाऊंनी बदलले काय? परंपरेने तमाशा गणाने सुरू होतो : गणपतीचे स्तवन. मग गवळण, लावणी, वग. अण्णाभाऊंनी गणाची जागा ठेवली, पण तेथे मातृभूमीला, हुतात्म्यांना, श्रमिकांना वंदन केले. गवळण गाळली. वगातला राजा गेला. त्याच्या जागी शेठजी, पुढारी, मंत्री आले. सोंगाडी मात्र जागेवरच राहिला, कारण राजाला चिमटा काढणाऱ्याला मंत्र्याला चिमटा काढणे अवघड नव्हते.

१०/ ‘अकलेची गोष्ट’ (१९४५), ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘पुढारी मिळाला’ ही नावेच विषय सांगतात. अशा प्रयोगाला पडदा लागत नसे, नेपथ्य लागत नसे. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि मोजकी माणसे. जेथे सभा, तेथे फड. संप असो, शेतकऱ्यांची परिषद असो की चाळीपुढचे पटांगण, कलापथक पोहोचे. ही चपळाई हेच त्याचे बळ होते, आणि सरकारला खुपणारी गोष्टही तीच होती.

११/ स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे सरकार होते आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. अश्लीलतेचे कारण देऊन तमाशावर बंदी आली; पुढे संहिता आधी तपासून घेण्याच्या अटींवर ती सैल झाली. १९४८ पासून कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. लालबावटा कलापथकावरही बंदी आली. म्हणजे तमाशा म्हणून आणि लालबावटा म्हणून, असे दोन बाजूंनी दार बंद झाले.

१२/ या कोंडीतून ‘लोकनाट्य’ हा शब्द रूढ झाला. अण्णाभाऊंनी आपल्या तमाशांना हे नाव दिले. आज हा शब्द आपण सहज वापरतो आणि तो प्रतिष्ठेचा वाटतो. त्याच्या मुळाशी बंदी आहे, हे विसरले गेले. याला दुसरीही बाजू आहे. नाव बदलून कला मध्यमवर्गीय रंगमंचावर पोहोचली, पण तमाशावर पोट असणाऱ्या मांग, महार, कोल्हाटी कलावंतांच्या वाट्याला ती प्रतिष्ठा क्वचितच आली.

१३/ मग आली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. आठवणींतला सर्वांत तेजस्वी भाग हाच. ‘माझी मैना’ ही अण्णाभाऊंची छक्कड. आरंभी ती गावी राहिलेल्या पत्नीच्या विरहाची आहे, आणि पाहता पाहता बेळगाव, कारवारसारखे मराठी मुलूख दुरावल्याची होते. गावाकडे बायको ठेवून आलेल्या कामगाराला ‘सीमाप्रश्न’ समजावून सांगण्याची गरज उरली नाही. त्याच्या खोलीतला विरह आणि नकाशावरची तोड एकाच चालीत बांधली गेली होती.

१४/ १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. विजयाचा दिवस, आणि फडाच्या दृष्टीने ओसरतीचा आरंभ. ज्या सभांनी शाहिरांना व्यासपीठ दिले, त्या सभा थांबल्या. तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्षच दुभंगला. कलापथक चळवळीवर जगत होते. चळवळ संपल्यावर त्याला वेगळे घर नव्हते. सरकारी बक्षिसे होती, पण गायकाला रोजचे मैदान देणारी संस्था नव्हती.

१५/ येथून दुसरी आठवण सुरू होते : घाटकोपरच्या चिरागनगरमधली झोपडी, तुटपुंजे मानधन, घरातले दुरावे, व्यसन, आजार. यातले काही खोटे नाही. त्यांचे बंधू शंकर भाऊ साठे यांनी ‘माझा भाऊ अण्णाभाऊ’ हे पुस्तक लिहिले, आणि इतरांच्या आठवणींतूनही हे चित्र येते. प्रश्न आहे तो त्या चित्राला दिलेल्या मथळ्याचा. सगळे त्याला ‘उतरती कळा’ म्हणतात. हा मथळा पुराव्याला धरून आहे का?

१६/ तारखा पाहू. ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ मध्ये आली. प्रस्तावना वि. स. खांडेकरांची, अर्पण डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. १९६१ मध्येच ‘वैजयंता’वरचा चित्रपट आला, १९६३ मध्ये ‘फकिरा’वरचा. नावावर असलेल्या सुमारे पस्तीस कादंबऱ्यांचा मोठा वाटा फड थंडावल्यानंतरच्या काळातला आहे.

१७/ म्हणजे ज्या वर्षांना आपण पडझड म्हणतो, ती लेखणीच्या भराची वर्षे होती. मैदान गेले आणि आवाज कागदावर उतरला. ‘वैजयंता’ तमाशातल्या स्त्रीची कथा सांगते. ‘फकिरा’ वारणेच्या खोऱ्यातल्या, इंग्रजी हजेरीच्या जाचाखालच्या मांगांची. फड सुटलेला शाहीर फडाविषयी आणि गावाविषयी लिहीत होता. या कादंबऱ्यांतले घाईचे कथन, ठसकेबाज संवाद, प्रसंगाच्या टोकाला येणारा तडाखा, हे दोष आहेत की वगाची सवय, हे वाचून ठरवावे.

१८/ तरीही ‘दारिद्र्यातून सोने उगवले’ असे गोड वाक्य लिहून मोकळे होऊ नये. इतके आणि इतक्या वेगाने लिहिण्यामागे पोटाची निकड होती. मैदानात हजारो श्रोते असलेल्या माणसाला त्या गर्दीतून घरखर्च मिळत नव्हता. वाचकांनी मिळवून दिलेल्या लौकिकातूनही पुरेसा मिळाला नाही. सरकारकडून गोरेगावला घर मिळाले ते अगदी अखेरीस. पठ्ठे बापूराव आणि अण्णाभाऊ : जात वेगळी, काळ वेगळा, विचार वेगळा, शेवट मात्र एकसारखा. दोघांच्या बाबतीत ‘नशीब’ हा शब्द वापरला, की ज्यांनी उत्तर द्यायला हवे ते सुटतात.

१९/ मरणोत्तर मान भरपूर मिळाला. २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या अर्धपुतळ्याचे अनावरण झाले. गावोगावी जयंतीला मिरवणुका निघतात. पुतळा चेहरा जपतो, ग्रंथ शब्द जपतो. पण छापील संहितेत ढोलकीची थाप नसते. सोंगाडी कोठे थांबला, लोक कोठे हसले, कोणत्या ओळीला ‘पुन्हा’चा गजर झाला, हे पाहणाऱ्यांपाशीच असते.

२०/ १९५६ मध्ये जो दहा वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या आसपास आहे. तेव्हा मित्रहो, घरात, आळीत, तालुक्यात अशी माणसे असतील तर त्यांच्यापाशी बसा. प्रश्न साधे ठेवा. कोठे पाहिले? जत्रा होती की सभा? कोण गात होते, अण्णाभाऊ की अमर शेख? उजेड कशाचा होता? बाया आल्या होत्या का, आणि कोठे बसल्या होत्या? स्वतः पाहिले की वडिलांकडून ऐकले? शेवटचा प्रश्न विसरू नका. ऐकीव आठवणही साधनच आहे. फक्त तिच्यावर तशी चिठ्ठी लावायची.

२१/ सांगणाऱ्याच्या आठवणीत चुका असतील. साल चुकेल, एकाचे गाणे दुसऱ्याच्या तोंडी जाईल, गर्दी दुप्पट होईल. त्या चुका खोडू नका, शेजारी टिपण करा. माणसाने पन्नासचे पाचशे का केले, हेही इतिहासालाच सांगायचे असते. जे मैदान कधी भरलेच नाही, त्याच्याविषयी कुणी साठ-सत्तर वर्षांनी उगाच फुगवून बोलत नाही.

२२/ अण्णाभाऊंचा फड आणि अण्णाभाऊंची झोपडी या दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. त्यांच्या मध्ये बंदीचा हुकूम आहे, संपलेली चळवळ आहे, दुभंगलेला पक्ष आहे, कमी मोबदला आहे आणि रात्री जागून लिहिलेल्या कादंबऱ्यांची चळत आहे. हा मधला भाग सांगितल्याशिवाय पहिली आठवण नुसता जयजयकार होते आणि दुसरी नुसती हळहळ. वाळवे, शिराळे, कऱ्हाड भागातल्या वाचकांनी आपल्या घरातल्या आठवणी या धाग्याखाली जरूर लिहाव्यात, गावाच्या नावासह. धागा समाप्त.