पद्माकर शिवलकर : कसोटीच्या उंबरठ्याबाहेरचे ५८९ बळी

भारताची कसोटी टोपी एकदाही न मिळता ज्यांचे नाव मुंबई क्रिकेटच्या इतिहासात अग्रभागी कोरले गेले, अशा खेळाडूंमध्ये डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचे स्थान अनन्य आहे. १९४० साली जन्मलेल्या शिवलकरांची गुणवत्ता प्रथम विनू मंकड यांनी हेरली. शिवाजी पार्क जिमखान्याच्या मैदानावर त्यांची गोलंदाजी घडली. १९६१-६२ च्या मोसमात त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले आणि १२४ सामन्यांत अवघ्या १९.६९ च्या सरासरीने ५८९ बळी मिळवले. डावात पाच किंवा अधिक बळी त्यांनी ४२ वेळा, तर सामन्यात दहा किंवा अधिक बळी १३ वेळा घेतले.

अचूक टप्पा, चेंडूला दिलेली उंची आणि फलंदाजाला चुकायला लावणारा संयम ही त्यांची अस्त्रे होती. त्यांचा कळस १९७२-७३ च्या रणजी करंडक अंतिम सामन्यात दिसला. चेन्नईच्या चेपॉक मैदानावर फिरकीला पोषक खेळपट्टीवर मुंबईचे डाव १५१ आणि ११३ धावांत आटोपले. मात्र शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेऊन तामिळनाडूला ८० आणि ६१ धावांत गुंडाळले. दोन दिवस आणि एक चेंडू एवढ्यातच सामना संपला. मुंबईचे हे सलग पंधरावे विजेतेपद होते.

तरीही भारतीय संघाचे दार उघडले नाही. त्या काळात डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदी यांच्याकडे होती. त्यांच्या जोडीला प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन होते. एकाच शैलीचे दोन गोलंदाज खेळवण्याचा विचार क्वचितच होई. हरयाणाचे राजिंदर गोयल यांच्या वाट्यालाही हेच आले. प्रथम श्रेणीत ७५० बळी घेऊनही ते कसोटी खेळू शकले नाहीत. सुनील गावसकर यांनी आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात या दोघांनाही मानाचे स्थान दिले.

शिवलकरांनी मात्र चेंडू खाली ठेवला नाही. काही वर्षांच्या खंडानंतर १९८७-८८ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते मुंबईकडून पुन्हा रणजी सामन्यात उतरले. निवृत्तीनंतर त्यांनी तरुण गोलंदाजांना मार्गदर्शन केले. उत्तम गायक असलेल्या शिवलकरांनी आपल्या आत्मचरित्राला ‘हा चेंडू दैवगतीचा’ असे नाव दिले. २०१७ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना आणि गोयल यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्काराने सन्मानित केले. ३ मार्च २०२५ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.